धूर कोणाचा, वावर कोणाचे?



कापसाच्या भावाचा प्रश्न उभा असताना संघटनेच्या पत्रकात टायरवर अग्रलेख कशाला, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटेल. आम्हालाही तसेच वाटले असते. पण गेल्या वेचणीच्या दिवसांत राजुऱ्याकडच्या एका रस्त्यालगतच्या वावरात आम्ही उभे राहिलो आणि जे पाहिले, त्यानंतर गप्प बसणे जमेना.

वावर फुटलेले होते. दुरून पांढरे दिसत होते. जवळ गेल्यावर रस्त्याकडच्या दहा-बारा तासांतल्या बोंडांवर काळी कुसळासारखी काजळी बसलेली दिसली. बोटाने पुसायला गेलो तर ती निघेना, उलट पसरली. ही चुलीची राख नव्हती. ही तेलकट काजळी होती. शेतकऱ्याने तो कापूस वेगळा वेचला होता, तरी थोडा चांगल्या ढिगात मिसळलाच. जिनवर व्यापाऱ्याने ढिगात हात घातला, मूठभर कापूस वर काढून उजेडात धरला आणि सगळ्या बंडीचाच भाव पाडला. शंभर पावलांवर नाल्याचा पूल होता. पुलाखाली जमीन गोल काळी पडलेली, करड्या राखेचा थर आणि त्यात गंजलेल्या तारांचे तुकडे. रात्री गाडी येते, टायर उतरवते, पेटवते आणि पहाटे तार गोळा करून निघून जाते, एवढेच गावाला ठाऊक होते. भांडायचे कोणाशी?

आम्ही नेहमीप्रमाणे सरकारला दोष द्यायला सुरुवात केली. तेव्हा धुऱ्यावर बसलेला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "भाऊ, मागच्या साली रास्ता रोकोत आपणच टायर पेटवले व्हते. थो धूर कोनाच्या वावरात गेला?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. हा अग्रलेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

टायर जळतो म्हणजे काय जळते?

टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. ट्रकच्या टायरात झाडाच्या चिकाचे रबर असते, ते केरळातल्या आपल्यासारख्याच शेतकऱ्याने पिकवलेले. त्याच्याबरोबर खनिज तेलापासून केलेले कृत्रिम रबर, काजळीची भुकटी, पोलादी तार, गंधक आणि जस्ताची भस्म असते. एके काळी टायरच्या आतला सांगाडा कापसाच्या सुताचा असे. पुढे रेयॉन, नायलॉन आणि पोलाद आले आणि आपले सूत तिथून गेले. आता टायरशी आपले नाते उरले ते धुराचे.

वजनाला वजन घेतले तर टायरात आपल्या चंद्रपूरच्या दगडी कोळशापेक्षा जास्त उष्णता असते. म्हणूनच कुठे वीटभट्टीवाला, कुठे गुऱ्हाळवाला त्याच्याकडे वळतो, आणि पावसाळ्यात ओली लाकडे धरत नाहीत म्हणून सरणालाही कोणी टायर लावतो. पण उघड्यावर टायर कधीच पूर्ण जळत नाही. हवा पुरत नाही. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड, गंधकाचा वायू, बेंझिन आणि कर्करोगाला कारण होणारी इतर संयुगे बाहेर पडतात. जो भाग धूर होत नाही तो वितळून तेल होतो आणि जमिनीत मुरतो. एका साध्या मोटारीच्या टायरातून सात-आठ लिटर तेल सुटू शकते. पुलाखाली शंभर टायर जाळले तर ते तेल पहिल्या पावसात नाल्यात उतरते, आणि नाल्याच्या खाली आपल्या विहिरी आहेत.

ही आग विझतही नाही. पाणी मारले तर वरून शांत दिसते, आतून धुमसत राहते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या विंचेस्टरजवळ १९८३ साली सुमारे ७० लाख टायरांचा ढीग पेटला, तो नऊ महिने धुमसत होता. कॅनडात हॅगर्सव्हिल येथे १९९० साली १ कोटी ४० लाख टायरांचा ढीग पेटला, तो विझवायला सतरा दिवस लागले. ज्यांच्याकडे पैशाची आणि बंबांची वाण नाही त्यांची ही गत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत मोहाचा आणि तेंदूपानाचा हंगाम असतो, जंगल पाचोळ्याने भरलेले असते. त्या दिवसांत जंगलाच्या काठाला एक टायर धुमसत राहिला तर काय होईल, हे गडचिरोलीच्या माणसाला सांगायला नको.

जस्ताची गोष्ट

आमच्यातले काहीजण कृषी महाविद्यालयात शिकले आहेत, म्हणून मातीविषयी दोन शब्द. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत पिकाला जस्त मिळत नाही, म्हणून आम्हीच तुम्हाला झिंक सल्फेट टाकायला सांगत आलो. टायरच्या राखेत जस्त असते हे खरे. ते ऐकून, राख आयती मिळते तर वावरात टाकावी, असे एका गावात कोणी सुचवले. असे करू नका. त्या राखेत जस्त मापाने येत नाही, आणि त्याच्याबरोबर शिसे, कॅडमियम आणि तेलकट संयुगे येतात. एकदा जमिनीत गेलेले शिसे-कॅडमियम काढून टाकण्याचा उपाय शेतकऱ्याच्या आवाक्यात नाही. काळवंडलेली जागा सापडली तर वरची राख-माती खरवडून वेगळी ठेवा, ढोरे तिथे जाऊ देऊ नका, आणि ती माती कुठे न्यायची हे प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारा.

ढोरांचे वेगळे सांगतो. टायर जाळणारा तार नेतो, पण बारीक तुकडे मागे राहतात. ते गवताबरोबर, ज्वारीच्या कडब्याबरोबर पोटात जातात. गाय-बैल चावून निवडून खात नाहीत. तार जठरात अडकते, तिथून पडदा फोडून काळजाकडे सरकते. जनावर चारा सोडते, पाठ वाकवून उभे राहते, आणि आपण भगत आणि डॉक्टर यांच्यात फेऱ्या मारत बसतो. इंग्लंडात मुरघासाच्या ढिगावर वजन म्हणून जुने टायर ठेवण्याची रीत आहे. तिथेही टायर झिजून सुटलेल्या तारांनी गायी मेल्या आहेत. आपल्याकडे मेलेल्या बैलाचे पोट कोणी उघडून पाहत नाही, म्हणून हिशेब लागत नाही.

न जाळलेला टायरही निरुपद्रवी नाही. त्यात साचलेले पावसाचे पाणी कितीही उलटा-पालटा केला तरी पुरते निघत नाही. डेंग्यूच्या डासाला अशीच जागा हवी असते. त्याची अंडी कोरड्या टायराला महिनोन्महिने चिकटून राहतात आणि पाणी मिळताच फुटतात. आशियातला वाघ्या डास १९८५ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये बस्तान बसवून असल्याचे आढळले, तो जुन्या टायरांच्या व्यापारातूनच तिकडे पोचला होता. गडचिरोलीत हिवतापाचा भार आधीच मोठा आहे. हिवतापाचा डास वेगळा, तो झऱ्या-नाल्याच्या पाण्यात वाढतो. मग त्याच्या जोडीला दुसरा डास आपण टायरात का पोसायचा?

टायर येतो कुठून?

आपल्या गावात टायर किती? बंडीचे दोन, ट्रॅक्टरचे चार, मोटरसायकलींचे थोडे. बंडीचा टायर तर दुसऱ्या कोणाच्या गाडीवर आयुष्य काढून आपल्याकडे येतो. तो फाटला तर चपला होतात, गोठ्यात गव्हाण होते, विहिरीचा पोहरा होतो. शेतकऱ्याइतका टायर वापरून संपवणारा दुसरा कोणी नाही.

ढीग येतात ते मोठ्या रस्त्यांवरून. घुग्घुस, पडोली, बल्लारपूर, राजुरा, गडचांदूर या रस्त्यांवर कोळसा, सिमेंट, राख आणि लाकूड अहोरात्र धावते. सुरजागडच्या खाणीतून २०२१ नंतर लोहखनिजाची वाहतूक वाढली, तेव्हापासून एटापल्ली, आलापल्ली, आष्टी हा रस्ताही त्याच रांगेत आला. साधा हिशेब करा. शंभर दहाचाकी ट्रक म्हणजे हजार टायर. एकाचे वजन ५० किलो धरले तरी ५० टन माल. खाणीच्या खडबडीत रस्त्यावर तो लवकर फाटतो. माल गेला, पैसा गेला, रॉयल्टी गेली. मागे राहिले फाटके टायर, पांदण रस्त्याच्या कडेला, झुडपी जंगलात, बोडीच्या काठाला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक वसाहतींची प्रदूषणाची मोजणी केली, तेव्हा ८३.८८ गुण घेऊन चंद्रपूर देशात चौथे आले होते. त्या यादीत कारखान्यांची धुराडी मोजली गेली. पुलाखालचा धूर कोणी मोजत नाही.

कायदा काय म्हणतो?

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. उघड्यावर टायर जाळण्याच्या प्रकरणी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील खंडपीठाने २०१४ साली महाराष्ट्रापुरता निकाल दिला. पुढे २१ जुलै २०२२ रोजी केंद्र सरकारने घातक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच जुन्या टायराची जबाबदारी टाकली. २०२०-२१ साली जेवढा माल केला त्याच्या ३५ टक्के इतक्या टायराची विल्हेवाट २०२२-२३ मध्ये, २०२१-२२ च्या मालाच्या ७० टक्के २०२३-२४ मध्ये, आणि त्यानंतर दोन वर्षांपूर्वीच्या मालाइतकी पूर्ण १०० टक्के. कंपनीने स्वतः टायर गोळा करायचा नाही. टायरापासून भुकटी, पुनर्वापराचे रबर, काजळी किंवा तेल काढणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याकडून प्रमाणपत्र विकत घ्यायचे आणि ते केंद्रीय मंडळाकडे नोंदवायचे. तेल काढण्यासाठी परदेशी जुने टायर आणायला याच नियमांनी बंदी घातली.

कागद चांगला आहे. आता जमिनीवर या. बंद भट्टीत टायर तापवून तेल काढण्याचे कारखाने देशात वाढले. त्या धंद्यात साधारण चाळीस टक्क्यांच्या वर तेल, तीसेक टक्के काजळी, बाकी तार आणि वायू निघतो. नीट चालवला तर हा कारखाना चालतो, ढिसाळ चालवला तर तो बाँब असतो. केंद्रीय मंडळाने १९ राज्यांतल्या अशा ६३७ कारखान्यांची पाहणी हरित न्यायाधिकरणापुढे ठेवली, तेव्हा २५१ नियमांप्रमाणे चालत होते, २७० नियम मोडत होते आणि ११६ बंद होते. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात अशा एका कारखान्यात स्फोट झाला आणि दोन बाया व दोन लहान मुले मेली. तिथे युरोपातून आलेले टायर वापरले जात होते, असे नंतर बाहेर आले. म्हणजे आयातबंदी कागदावर आणि टायर भट्टीत. युरोपने २००३ पासून अख्खे टायर आणि २००६ पासून टायरचे तुकडेसुद्धा जमिनीत पुरायला बंदी केली. त्यांची जमीन वाचली हे चांगलेच झाले. त्यांच्या टायरखाली आमची माणसे मरावीत असे मात्र त्या कायद्यात लिहिलेले नव्हते.

प्रमाणपत्राचे म्हणाल तर प्लॅस्टिकचा अनुभव समोर आहे. तिथे अशीच प्रमाणपत्रांची पद्धत होती आणि २०२३ साली सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रे केंद्रीय मंडळानेच पकडली. टायरच्या बाबतीत तसे होऊ नये असे वाटत असेल, तर प्रमाणपत्रावरचा टायर कोणत्या तालुक्यातून उचलला हे लोकांना पाहता आले पाहिजे. प्रमाणपत्राचा भाव मुंबई-दिल्लीत ठरतो. टायर ज्या नाल्यात पडला त्या गावाच्या वाट्याला त्यातला एक पैसा येत नाही. गाव फक्त धूर घेते.

प्रश्न भावाचाच आहे

पुलाखाली टायर जाळणाऱ्या पोराला धरून चोप देण्याची भाषा काही गावांत ऐकली. भावांनो, तो पोर आपला शत्रू नाही. त्याला तारेचे किलोवर पैसे मिळतात, अख्ख्या टायराचे मिळत नाहीत. का मिळत नाहीत? कारण टायर म्हणजे बहुतेक पोकळी. अख्खे टायर रचले तर ढिगाचा पाऊण भाग नुसती हवा असते. भामरागड किंवा सिरोंच्याहून नागपूरला टायर पाठवायचे म्हणजे ट्रकभर हवा पाठवणे. भाड्याच्या मानाने माल निघत नाही. म्हणून टायर जागेवर जळतो आणि तार तेवढी पुढे जाते.

जिथे मालाला भाव मिळत नाही तिथे माल सडतो किंवा जळतो, हे कापूस-कांदा पिकवणाऱ्यांना कोणी शिकवायला नको. तालुक्याच्या ठिकाणी टायर कापण्याचे साधे यंत्र असले, वजनाने रोख पैसे देणारा काटा असला, आणि त्याचा खर्च कायद्याने ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्या कंपन्यांकडून आला, तर तोच पोर पुलाखालून टायर उचलून काट्यावर आणील. इन्स्पेक्टर वाढवून हे होणार नाही. इन्स्पेक्टर वाढला की पंक्चरवाल्याचा हप्ता वाढेल आणि टायर आणखी आत, जंगलात पडेल.

कापलेल्या टायराला जवळ वाट नाही असेही नाही. रबराची भुकटी डांबरात मिसळून रस्ते होतात. सिमेंटच्या भट्टीत आच १४०० अंशांच्या वर असते, तिथे रबर पुरते जळते आणि तारेचे लोखंडही सिमेंटच्या मालात मिसळून जाते. आपल्या जिल्ह्यात अशा भट्ट्या आहेत. पण या वाटेला आम्ही डोळे मिटून होकार देणार नाही. कोरपना-राजुऱ्याच्या शेतकऱ्याच्या तुरीवर आधीच धूळ बसते. भट्टीच्या धुराडीतून काय निघते याचे आकडे रोजच्या रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागले, तरच बोलणे होईल.

आधी आपला हात

सरकारकडे बोट दाखवण्याआधी म्हाताऱ्याच्या प्रश्नाकडे परत यावे लागेल. रास्ता रोको म्हटला की टायर आणा, ही सवय आम्हीच लावली. काळा धूर दुरून दिसतो, वर्तमानपत्रात फोटो चांगला येतो. भावाचे आंदोलन वेचणीच्या दिवसांत होते, म्हणजे बोंडे फुटलेली असतानाच आपण त्यांच्यावर काजळी उडवतो. जिथे पेटवतो तिथले डांबर वितळते, पुढच्या पावसात खड्डा पडतो आणि आपलीच कापसाची बंडी त्यात आदळते. धुराजवळ उभा राहतो तो आपलाच कार्यकर्ता, मंत्री नागपुरात असतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरे काय?

म्हणून या जिल्हा बैठकीत आम्ही पहिला ठराव स्वतःवरच मांडत आहोत. यापुढे चंद्रपूर आणि गडचिरोलीत संघटनेच्या कोणत्याही आंदोलनात टायर जळणार नाही. रस्ता अडवायला बंड्या आहेत, बैल आहेत, आणि सगळ्यांत मोठे म्हणजे रस्त्यावर मांडी घालून बसणारी माणसे आहेत. ज्या तालुक्यात माणसे कमी आणि टायर जास्त दिसतील, तिथे आंदोलन कमजोर आहे असे आम्ही समजू.

दुसरा ठराव गावाचा. प्रत्येक गावाने पावसाळ्याआधी आपल्या शिवारातले ढीग मोजावेत, पंचनामा करून जागा, संख्या आणि तारीख लिहावी. पडलेल्या टायराला खालून भोके पाडावीत, म्हणजे पाणी साचणार नाही. गडचिरोलीच्या गावांच्या हाती तर मोठे हत्यार आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ प्रमाणे ग्रामसभेला आपले जंगल आणि पाणी राखण्याचा अधिकार आहे. मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला आणि पुढे बांबूचा व्यवहार स्वतः केला. जी ग्रामसभा बांबू सांभाळू शकते ती टायरची गाडीही परत फिरवू शकते.

तिसरा ठराव अधिकाऱ्यांसाठी. नाल्यात किंवा सार्वजनिक जागी ढीग पडला, धूर निघाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपद्रव हटवण्याचा आदेश उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतात. जुन्या फौजदारी संहितेत हेच कलम १३३ होते. अर्ज साध्या कागदावर करा, पंचनामा जोडा, पोच घ्या. पर्यावरण कायद्यातला तुरुंगवास २०२३ च्या जनविश्वास कायद्याने गेला आणि त्या जागी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आला. दंड वसूल झाला तर तो सरकारच्या तिजोरीत जाऊन बसू नये, ज्या वावराचे नुकसान झाले तिथे भरपाई म्हणून यावा, अशी आपली मागणी राहील. त्याचबरोबर दोन्ही जिल्ह्यांत टायर साठवण्याची आणि तेल काढण्याची परवानगी कोणाकोणाला आहे, याची यादी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रत्येक पंचायत समितीत लावावी. आणि तालुक्याला एक काटा, रोख पैसे, कंपन्यांच्या खर्चाने.

बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याच्या प्रतिनिधीने आपल्या भागातल्या ढिगांची यादी घेऊन यावे. भाषण कमी करू, याद्या जोडू आणि त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती देऊ.

तो म्हातारा बैठकीला येईल का ठाऊक नाही. आला तर त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारावा. या वेळी निदान एवढे सांगता येईल की धूर कोणाच्या वावरात गेला ते आम्हाला कळले आहे, आणि पुढच्या वेचणीत तो आमच्या हातून जाणार नाही.